बोट घसरलं, खातं चुकलं

फेब्रुवारी 2011. अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर खात्यावर रात्री उशिरा आनंदवार्ता झळकली: डॉगफिश हेड बिअरच्या आणखी बाटल्या सापडल्या, आता झकास बैठक! ती होती कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यासाठी. पण अनेक खाती एकत्र चालवणाऱ्या हूटसूट ॲपमध्ये दोन्ही खाती शेजारीशेजारी, त्यामुळे रक्तदानवाल्यांच्या नावावर मद्यपान जमा झालं. संस्थेने ट्विट पुसून जाहीर केलं, की आम्ही शुद्धीत आहोत, किल्ल्याही काढून घेतल्यात. बिअरप्रेमींनी उलट देणग्या दिल्या.

पुढच्याच महिन्यात क्रायस्लर. डेट्रॉइट म्हणे मोटारनगरी, पण इथे कोणालाच गाडी चालवता येत नाही, ही शिवीसकट तक्रार थेट मोटार कंपनीच्याच खात्यावर! खाती सांभाळणाऱ्या एजन्सीने माणूस काढला, कंपनीने एजन्सीचं कंत्राट पुढे चालवलं नाही.

डेट्रॉइटकरांच्या ड्रायव्हिंगची चौकशी झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.