जुना वाचक, नवा लेखक

साहित्यासोबत येणाऱ्या पत्राचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘आपल्या दर्जेदार मासिकाचा मी जुना वाचक आहे.’ माझे एक संपादक स्नेही हे वाक्य दिसलं की आधी चहा मागवतात. मासिक निव्वळ कवितेचं आणि जुन्या वाचकानं धाडलेली असते कादंबरी. वर ‘क्रमशः छापायला हरकत नाही’ अशी उदार परवानगी. दिवाळीवरची कविता तर नेमकी नरकचतुर्दशीला येऊन थडकते. अंक तोवर छापून, बांधून, गावोगाव पोचलेला असतो.

खरं तर आपल्या नियतकालिकांनी आपला स्वभाव कधी लपवला नाही. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ चालवलं ते कवितेसाठीच. ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाच्या खिडक्या एकदा उघडून पाहिल्या, की आपलं मृत्युचिंतन तिथे पाठवू नये हे कुणी सांगावं लागत नाही. अनंत अंतरकरांनी ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ अशी तीन मासिकं काढली. संपादक एकच, म्हणून ‘नवल’मधली थरारकथा ‘हंस’मध्येही खपली असती असं थोडंच आहे?

पाठवण्याआधी अंक वाचा म्हटलं, की नवोदितांचं एक उत्तर तयार असतं. दुसऱ्यांचं वाचलं की प्रभाव पडतो म्हणे, शैली बिघडते. या धास्तीनं काहींनी आपली शैली इतकी जपली आहे, की ती अद्याप कुणाच्याच नजरेस पडलेली नाही.

वाचणं म्हणजे त्या अंकाच्या मापाचा सदरा शिवणं नव्हे. ‘सत्यकथे’चंच बघा. तिथे छापून येण्यासाठी अनेकांचा जीव टांगणीला लागायचा. संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. तिच्यात वारंवार दिसणाऱ्या वळणाची नक्कल करणारेही निपजलेच. पण १९६९ साली काही तरुण लेखकांनी याच मासिकाची होळी केली, आणि राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून तिची सालटी काढली. अशी सालटी न वाचता काढता येत नाहीत. मला त्या होळीतली सगळी भूमिका पटते असं नाही. पण जाळणाऱ्यांना आपण काय जाळतोय ते ठाऊक होतं. आजच्या चाहत्याला गेल्या अंकाचं मुखपृष्ठही सांगता येत नाही.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. तिच्यात आपलं नाव छापून यावं असं वाटणाऱ्या प्रत्येकानं वर्गणी भरली असती, तर ती आणखी किती वर्षं चालली असती, हा हिशेब कुणी मांडलेला नाही.

तेव्हा मंडळी, पैशाची अडचण असेल तर गावातल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना गाठा. थोड्या पैशांत ढीगभर अंक वाचून होतात. अडचण नसेल तर ज्या मासिकाला कविता पाठवायची आहे त्याचे निदान दोन-तीन अंक विकत घ्या. आणि ते आवडले नाहीत, तर कविता दुसरीकडे पाठवा.