फोंडा कुठे आहे?

आमच्या फोंड्यात भूगोल शिकवायला हिंमत लागते. 2014 साली थोरल्याने ‘फोंडा उत्तर गोव्यात’ लिहून गुण मिळवला. धाकट्याने वर्षभराने तेच लिहिले आणि गुण घालवला. 2015 च्या जानेवारीत अख्खा तालुका दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला, एक माड जागचा न हलता. त्यातही प्रियोळवाले लोकसभेला अजून उत्तरेतच मत देतात. पुस्तक म्हणते, दिशा होकायंत्र दाखवते. भोळे पुस्तक!

घरी नकाशाचा गृहपाठ आई रात्री अकराला रंगवते. मांडवी निळी, जुवारी त्याहून निळी, कारण पहिली पेन्सिल संपलेली. मुलाला विचारा, ‘बाबू, नळाला पाणी खंयचें?’ उत्तर तयार: ‘टाकयेचें.’ खांडेपार नदीवरचा ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प वर्कबुकात नाही, म्हणजे तो नाहीच. (पणजीकरांनाही तो नळ कोरडा पडल्यावरच आठवतो.) मोबाईलला विचारावे, तर तो कधीकधी थेट कणकवलीच्या फोंडाघाटात नेऊन सोडतो.

सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश रातोरात जुवारी ओलांडून प्रियोळात आला. नदीपलीकडे पोर्तुगीजांचा अंमल नाही, एवढा भूगोल भक्तांना पक्का ठाऊक होता. नकाशा मात्र कुणी रंगवला नव्हता. मुलांना ती वाट दाखवायची का, असे मी पालकसभेत विचारले. बाई म्हणाल्या, कल्पना छान आहे, पण सहल वॉटर पार्कला ठरली आहे.