जेवलात का? फोटो पाठवा

पन्नाशीच्या आगेमागे मराठी माणूस लोकांच्या तब्येतीत लक्ष घालू लागतो, ही काही आजची गोष्ट नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक आळीत एखादे निवृत्त पोस्टमास्तर किंवा हेडमास्तर असायचेच. त्यांच्याकडे साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची लाकडी पेटी असे आणि सोबत एक जाडजूड पुस्तक. बाराक्षार, नाहीतर होमिओपथी. घसा धरलाय, पोरगं रात्री दचकून उठतंय, सून हसत नाही, कशावरही चार गोळ्या जिभेखाली. फी नसे. मात्र तुम्हाला आपल्या पोटाची साद्यंत हकीगत सांगावी लागे आणि त्यांच्या नोकरीतल्या साहेबांची ऐकावी लागे. लोक बरे होत. गोळ्यांनी होत की तासभर कोणी ऐकून घेतल्यामुळे होत, हा वाद आमच्या आळीत कधी निघाला नाही.

आता पेटीच्या जागी मोबाइल आला आणि पोस्टमास्तरांच्या जागी हेल्थ कोच. फरक एवढाच, की पोस्टमास्तर हे सगळं पेन्शन सुरू झाल्यावर करत. हेल्थ कोच पंचेचाळीस-पन्नासला, फ्लॅटचे हप्ते चालू असताना करतो.

आमच्या घरात हे धाडस दाजींनी केलं. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्याने माझे साडू. पण सगळं सासर त्यांना दाजी म्हणतं म्हणून मीही म्हणतो. सातपूरला एका कारखान्यात परचेसला होते. त्यांचं अर्धं आयुष्य तीन कोटेशनं मागवण्यात गेलं. भाजी घ्यायला गेले तरी तीन गाड्यांवर भाव विचारल्याशिवाय मेथीची जुडी उचलत नसत. मग एके वर्षी कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि त्याच सुमारास दाजींच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.३ आला. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात." कंपनीही तेच म्हणत होती. दाजींनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला लागले, रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, पोट आत गेलं, आणि वर्षभराने घरात जाहीर केलं, "मी आता वेलनेस कोच होणार."

ताई, म्हणजे दाजींची बायको, शांतपणे म्हणाल्या, "आधी ओला टॉवेल वाळत घालायला शिका."

दाजींची निवड तशी काळाला धरून होती. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी काठावर आहेत. परचेसच्या माणसाला मागणीचा एवढा मोठा आकडा दिसल्यावर तो गप्प बसेल कसा? पण आपल्याकडे मागणी जितकी मोठी तितके सल्लेही फुकट. सात-आठ वर्षांपूर्वी तर महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात दोन पंथ पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या, की दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आणि तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत लोक घड्याळं लावून बसायचे. आमच्या ओळखीत एक गृहस्थ तर दोन्ही पंथ एकदम पाळायचे. दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटं.

तर ज्ञानाची टंचाई नव्हतीच. नाशिकमध्ये तर मुळीच नव्हती. विश्वास मंडलिकांच्या योग विद्या धामने या गावाला कधीच पद्मासनात बसवलं आहे. २०१८ साली योगप्रसाराचा पंतप्रधान पुरस्कार त्यांना मिळाला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे दोघे भाऊ, एक भूलतज्ज्ञ, एक दंतवैद्य. त्यांनी २०१५ साली दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली, म्हणजे जवळजवळ ४,८०० किलोमीटर सायकल, तीही नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर गंगापूर रोडला हेल्मेट आणि घट्ट चड्डी घातलेले मध्यमवयीन गृहस्थ फारच दिसायला लागले. भूल देणारा माणूस एवढा जागा राहू शकतो, तर आपण निदान सोमेश्वरपर्यंत जाऊ, असा हिशेब.

सोमेश्वरच्या दिशेने जाण्यात मात्र एक गोम आहे. त्या रस्त्याला मिसळ लागते. काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, वर शेव, कांदा, बाजूला दही, भाजलेला पापड, आणि मागाल तितका रस्सा. रविवारी सकाळी नाशिकचा व्यायाम जिथे संपतो तिथेच ती सुरू होते. ट्रॅकवर जळालेल्या प्रत्येक कॅलरीची तिथे सव्याज परतफेड होते, आणि वर जिलबी. बाहेरगावच्या कोचला हे कळत नाही. तो सांगतो, "मिसळ बंद." नाशिककर मान डोलावतो आणि कोच बदलतो. दाजी मुरलेले नाशिककर. त्यांनी पहिल्याच दिवशी मिसळीचं धोरण जाहीर केलं: मटकी दोनदा घ्या, पाव एकच, तर्री वेगळ्या वाटीत, आणि रविवारखेरीज नाही. त्यांचे पहिले सात क्लायंट (हा त्यांचाच शब्द, आम्ही गिऱ्हाईक म्हटलं की रागावतात) या एका कलमावर आले.

चाळिशी-पन्नाशीला धंदा बदलून लोकांच्या आरोग्यामागे लागणाऱ्यांत दाजींचे पूर्वज मोठे आहेत. आपल्या शेजारच्या खानदेशातलंच बघा. जगन्नाथ गणेश गुणे अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात होते. तिथलं कॉलेज १९२३ साली इंग्रज सरकारमुळे बंद पडलं. आजच्या भाषेत नोकरी गेली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४१व्या वर्षी, त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. हेच स्वामी कुवलयानंद. त्यांची मला आवडणारी गोष्ट अशी, की योगाने बरं वाटतं एवढ्यावर हा माणूस थांबला नाही. उड्डियान आणि नौली करताना पोटात नक्की काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणाखाली बघितलं, आतला दाब मोजला, आणि 'योगमीमांसा' नावाचं त्रैमासिक काढून ते सगळं छापलं. 'एकवीस दिवसांत पोट सपाट' असं त्यात कुठे नव्हतं.

दाजींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "त्यांना इन्स्टाग्राम नव्हतं ना, म्हणून."

पण गोष्ट त्यांच्या मनात राहिली असावी. कारण शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट हातात आलेलं असतानाही त्यांनी मुक्त विद्यापीठाच्या योगशिक्षक पदविकेला नाव घातलं. मला हे बरं वाटलं. डॉक्टरला नोंदणी लागते, औषधाच्या दुकानाला परवाना लागतो, मिसळीच्या गाडीलासुद्धा कागद लागतो. हेल्थ कोच म्हणवून घ्यायला मात्र व्हिजिटिंग कार्ड पुरतं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय पदव्या देणारं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आमच्याच गावात, म्हसरूळला आहे. डॉक्टर व्हायला मुलं तिथल्या परीक्षांना वर्षानुवर्षं घासतात, आणि त्याच गावात विजेच्या खांबावर चिकटवलेला कागद म्हणतो, 'वजन घटवा, वजन वाढवा, पार्टटाइम कमवा'. एकाच माणसाने, एकाच फोन नंबरवर. वजनाचा शेक विकणाऱ्या असल्याच एका बाईंनी आमच्या सोसायटीतल्या आजोबांना साखरेच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या होत्या. आजोबांनी त्या थांबवल्या, आणि आठवड्याने त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मी सहसा कोणाच्या पोटावर पाय देऊ नये अशा मताचा आहे; पण अशांचे कागद खांबावरून फाडायला माझी ना नाही. दाजींच्या फॉर्मवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे, 'औषधाबद्दल प्रश्न डॉक्टरांना विचारावा'. परचेसमध्ये राहिल्याचा हा फायदा. कुठल्या मालाची जबाबदारी कोणावर, हे त्यांना पाठ असतं.

धंदा सुरू झाल्यावर घरादाराचे हाल झाले, ते वेगळेच. सगळ्यांच्या मनगटावर पट्टे आले. दहा हजार पावलांचं खूळ खरं म्हणजे जपानी: १९६५ च्या सुमारास तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याबरोबर हा गोल आकडा जगभर गेला. शास्त्राने नंतर बघितलं, तर बऱ्याच जणांना त्याहून कमी पावलांतही फायदा होतो. पण हे ताईंना कोण सांगणार? रात्री अकराला चारशे पावलं कमी आहेत म्हणून त्या गॅलरीत येरझाऱ्या घालतात आणि खालचा वॉचमन वर बघत उभा राहतो. माझ्या बायकोने एकदा पट्टा कामवाल्या मावशींच्या हाताला बांधून बघितला. अकराच्या आत आकडा पुरा झाला. मावशी म्हणाल्या, "मग आता मला याचे पैसे मिळणार का?" या प्रश्नाला दाजींच्या कोर्समध्ये उत्तर नव्हतं.

दाजींचे एक क्लायंट मला विशेष आवडतात. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. हा छापखाना १९२८ पासूनचा. नाशिकमध्ये 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की पूर्वी मुलगी द्यायला कोणी दुसरा प्रश्न विचारत नसे. आयुष्यभर नोटांच्या सान्निध्यात राहिल्यामुळे असेल, हे काका खर्चाला घट्ट. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. ते दाजींना दर महिन्याच्या एक तारखेला, न चुकता, पूर्ण फी देतात. मला नवल वाटलं.

"दाजी, त्यांची साखर उतरली का?"

"उतरली. थोडीशी."

"वजन?"

"दोन किलो. त्यातला एक दिवाळीत परत आला."

"मग पैसे कशाचे देतात?"

दाजींनी फोन काढला आणि मला एकामागून एक फोटो दाखवले. रोज दुपारी एक वाजता दाजींचा मेसेज जातो, 'जेवलात का? फोटो पाठवा.' सुरुवातीचे फोटो बघवत नव्हते. ओट्यावर ठेवलेलं पातेलं, त्यात चमचा, म्हणजे उभ्या उभ्याच जेवण उरकलेलं. एका फोटोत तर नुसता बिस्किटाचा पुडा. मग हळूहळू ताटली दिसायला लागली. मग ताट. दोन महिन्यांनी त्यात कोशिंबीर आली, म्हणजे काकडी कोचली गेली होती. परवाच्या फोटोत पोळी, मुगाची उसळ, ताकाचं भांडं, आणि डावीकडे वर मीठ आणि लिंबाची फोड. जिथे असायला हवी तिथेच.

"आपलं ताट कोणी बघणार आहे म्हटल्यावर माणूस वाढून घेतो," दाजी म्हणाले. "कोर्समध्ये याला अकाउंटेबिलिटी म्हणतात."

आमच्या आळीत याला शेजारच्या काकू म्हणत. त्या खिडकीतूनच विचारायच्या, आज कुकरची शिट्टी नाही ऐकू आली, बरं आहे ना? त्या फी घेत नसत, आणि सल्ला नको म्हटलं तरी थांबत नसत. त्यांच्या वाड्यांचे आता टॉवर झाले, खिडक्यांना काळ्या काचा बसल्या, आणि काकूंचं काम मोकळं राहिलं. दाजींनी ते उचललं, इतकंच. खुद्द काठावर जाऊन आलेला, नोकरी गमावण्याची भीती खाल्लेला, मिसळ सोडता न आलेला माणूस असेल तर ते काम तो जास्त बरं करतो. पंचविशीतला दंड फुगवलेला ट्रेनर 'कमॉन अंकल' म्हणतो तेव्हा अंकलचं वजन जागेवरून हलत नाही, पण मन उठून घरी जातं.

उत्पन्नाचं म्हणाल तर दाजी पूर्वीच्या पगाराच्या निम्म्यावरसुद्धा नाहीत. ताईंची बँकेतली नोकरी आहे म्हणून हे चाललं आहे, आणि ही गोष्ट दाजी आपल्या प्रत्येक व्याख्यानात वगळतात. मी इथे मुद्दाम लिहितो आहे. टॉवेल अजून पलंगावरच पडतो.

तेव्हा नोकरीला विटलेल्या, नुकतंच आठ-दहा किलो वजन उतरवलेल्या आणि त्या आनंदात राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत असलेल्या माझ्या समवयस्क वाचकांना एक विनंती. राजीनामा इतक्यात देऊ नका. आधी सोसायटीतले चार मधुमेही निवडा आणि दोन महिने रोज दुपारी एक वाजता त्यांना फुकट विचारा, जेवलात का. दोन महिन्यांनी चौघांतले दोघे जरी तुमचा फोन उचलत असले, तर खुशाल कार्डं छापायला टाका. छापण्याआधी तीन कोटेशनं मात्र मागवा, असा दाजींचा निरोप आहे.