बसून खेळायचा खेळ

विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे क्रिकेटच्या इतिहासातले ‘विझी’, १९३६ साली भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले होते. बॅटीनं त्यांनी फारसं काही केलं नाही. पुढे रेडिओवर समालोचन करू लागले आणि ते मात्र भरपूर केलं. शिकारीचाही शौक होता. एकदा आपण किती वाघ मारले हे ते रोहन कन्हायला रंगवून सांगत होते म्हणे. त्यावर कन्हाय म्हणाला, ‘अस्सं? मला वाटलं, तुम्ही जंगलात ट्रान्झिस्टर ठेवून त्यावर तुमचं समालोचन लावत असाल. वाघ बिचारे कंटाळून मरत असतील.’ किस्सा घडलेला असो की पॅव्हेलियनमध्ये कुणी रचलेला असो, विझींच्या सगळ्या धावांपेक्षा तो जास्त टिकला आहे.

असले किस्से क्रिकेटमध्येच का पिकतात, याचं माझं उत्तर साधं आहे. हा मुळात बसून खेळायचा खेळ आहे. फलंदाजी करणाऱ्या संघाचे दोघे उन्हात, बाकीचे नऊ जण पायावर पाय टाकून सावलीत. हॉकीवाल्याला हे सुख नाही, फुटबॉलवाल्याला नाही. कबड्डीत बोलायला मिळतं, पण एका दमात आणि एकच शब्द. क्रिकेटवाला मात्र पाच-पाच दिवस बसतो, आणि माणूस बसला की बोलतो.

मुंबईनं तर त्यात पावसाची भर घातली. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळवली जाते. खेळपट्टी ओली, आउटफील्डमध्ये गुडघाभर गवत, आणि सर आली की सगळे तंबूत. मुंबईच्या क्रिकेटचा खडूसपणा खेळपट्टीवर घडला असेल, पण जीभ या तंबूंतच घडली, असं माझं ठाम मत आहे.

या तंबूंचे अनभिषिक्त सम्राट म्हणजे वासू परांजपे. दादर युनियनचे कर्णधार. प्रथम श्रेणीचे सामने २९, कसोटी एकही नाही. पण गावसकरांना ‘सनी’ हे नाव दिलं ते त्यांनी. गावसकरांपासून रोहित शर्मापर्यंत कुणालाही विचारा, ‘वासू सर एकदा म्हणाले’ अशी सुरुवात व्हायचीच. त्यांच्यावर पुढे ‘क्रिकेट द्रोण’ नावाचं इंग्रजी पुस्तक निघालं, आणि त्यात आठवणी सांगायला कसोटीवीरांची रांग लागली. कसोटी न खेळलेल्या माणसाबद्दल! आकडेवारीच्या रकान्यात असल्या माणसासाठी जागाच नसते.

आता आमचे एक परममित्र म्हणतात, की जो मोठा खेळाडू तोच खेळावर उत्तम बोलणार. मला उलटं वाटतं. ज्याला सगळं सहज जमलं त्याला सांगण्यासारखं काय असणार? ‘चेंडू आला, मारला.’ झालं. ज्याची फजिती झाली त्याच्याकडे गोष्ट असते.

माझा पुरावा क्रमांक एक, इंग्लंडचा डेव्हिड लॉइड, ऊर्फ बंबल. सगळ्या मिळून नऊ कसोट्या. त्यात एजबॅस्टनला १९७४ साली आपल्याविरुद्ध नाबाद २१४. दुसरा कुणी आयुष्यभर त्या द्विशतकावर जेवला असता. लॉइड ते फारसं काढत नाही. तो सांगतो त्याच वर्षीच्या डिसेंबरातली पर्थची कसोटी. समोर जेफ थॉमसन, आणि पर्थची खेळपट्टी तेव्हा जगात सगळ्यांत वेगवान मानली जायची. सामन्याआधी लॉइडनं बढाई मारली होती, की थॉमसनला मी बॅटीऐवजी भलत्याच अवयवानं खेळून काढीन. थॉमसननं ती इच्छा अक्षरशः पुरी केली. पोटाखालचा गार्ड प्लॅस्टिकचा, गुलाबी आणि भोकंभोकं असलेला. चेंडू बसताच तो दुभंगला, आणि पुन्हा मिटताना आतलं बरंच काही चिमटीत धरून मिटला. पुढचा तपशील लॉइडच्याच तोंडून ऐकावा. ऐकणारे पुरुष एकाच वेळी हसतात आणि मांड्या आवळतात. पुढे तो पंच झाला, इंग्लंडचा प्रशिक्षक झाला, समालोचक झाला, पण त्या एका चेंडूनं त्याला जन्मभर पोसलं. थॉमसनला त्याचं कमिशन मिळायला हवं होतं.

जेफ्री बॉयकॉट हा माझ्या सिद्धान्ताला अपवाद वाटेल. हा बसलाच कधी? उभा, दिवसेंदिवस क्रीझवर. १९६७ साली लीड्सला आपल्याविरुद्ध त्यानं नाबाद २४६ काढल्या आणि फार हळू काढल्या म्हणून निवड समितीनं त्याला पुढच्या कसोटीतून वगळलं. द्विशतक ठोकून घरी बसलेला माणूस! मग माझ्या लक्षात आलं, तिथे मधोमध त्याच्याशी बोलायला कुणी नव्हतं. दोन दशकं साठलेलं सगळं त्यानं मायक्रोफोनपुढे रिकामं केलं. झेल सुटला की बॉयकॉटची आई हटकून यायची. तिनं तो ॲप्रनमध्येसुद्धा घेतला असता म्हणे. त्या माउलीनं बॉयकॉटच्या समालोचनात घेतलेले झेल मोजले तर कित्येक स्लिप फील्डर लाजतील.

याच्या दुसऱ्या टोकाला रिची बेनॉ. बसायचा, पण बोलायचा बेतानं. दिसतंय तेच सांगायचं नाही, एवढं पथ्य त्यानं पाळलं. २००५ साली ओव्हलवर इंग्लंडमधलं त्याचं शेवटचं समालोचन. निरोपाचं बोलत असतानाच मॅग्राथनं पीटरसनचा त्रिफळा उडवला. बेनॉनं आपला निरोप बाजूला ठेवला, विकेट सांगितली, पीटरसनच्या खेळीला दाद दिली आणि मग उरलेला निरोप पुरा केला. विझी असते तर विकेट थांबली असती.

हल्लीचे खेळाडू डगआउटमध्ये बसतात खरे, पण कानात इअरफोन. मग सामन्यानंतर ‘प्रोसेस’, ‘पॉझिटिव्ह्ज’ आणि ‘एका वेळी एकच मॅच’. हे वाक्य जिंकल्यावरही तेच, हरल्यावरही तेच. एक अश्विन तेवढा वेगळा. ५३७ कसोटी बळी घेऊनही त्याच्या तमिळमधल्या ‘कुट्टी स्टोरीज’ ऐकताना वाटतं, की हा विकेटपेक्षा विकेटच्या गोष्टीसाठी गोलंदाजी करायचा.

आणि आपले गावसकर. ओव्हलला १९७९ साली ४३८ धावांचा पाठलाग करताना त्यांनी २२१ काढल्या, ही कसोटीतल्या थोर खेळींपैकी एक. पण त्यांना बोलतं करायचं तर विषय काढावा १९७५च्या विश्वचषकाचा. लॉर्ड्स, इंग्लंडच्या ३३४, आणि उत्तरात साठ षटकं खेळून नाबाद ३६. चेंडू १७४. त्या दिवशी काय झालं होतं हे आपल्यालाच कळत नाही, सुरुवातीलाच मागे झेल गेला होता पण अपीलच कुणी केलं नाही, तेव्हाच निघून यायला हवं होतं, हे ते स्वतःच सांगतात. ती खेळी प्रत्यक्ष बघणाऱ्यांचे हाल कुत्रा खात नसेल. ऐकायला मात्र दोनशे एकवीसपेक्षा मला त्या छत्तीसच आवडतात, आणि त्या हळूहळू सांगितल्या तरी माझी काही हरकत नाही.