तीस अंशांची प्रतिज्ञा

पुसदच्या पाण्यातच जाहीर प्रतिज्ञा करण्याचा गुण असावा. तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1965 साली शनिवारवाड्यावर म्हणाले होते की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. त्यांच्या पाठीशी संकरित ज्वारी होती, अख्खं कृषी खातं होतं. मी प्रतिज्ञा केली ती एका लग्नाच्या पंगतीत, सगळ्या सासुरवाडीसमोर, आणि माझ्या पाठीशी भंगारात निघालेला 165 लिटरचा फ्रिज होता. ऐन मे महिन्यात तुम्हाला कापसासारखी, जराही आंबट नसलेली इडली खाऊ घालीन, येत्या रविवारी या, असं मी मठ्ठ्याचा पेला उंचावून सांगितलं. बायकोने पंगतीच्या त्या टोकावरून माझ्याकडे पाहिलं. ती वाढत होती, त्यामुळे काही बोलली नाही.

मे महिन्यात पुसदला इडलीचं पीठ रात्री भिजवणं म्हणजे सकाळी आंबील पिण्याची तयारी. दिवसा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो आणि ओट्याखालची फरशी मध्यरात्रीही गार होत नाही. पीठ फ्रिजमध्ये ठेवावं तर ते फुगायचंच विसरतं. इडलीचं पीठ फुगवतात ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू. ते तिशीच्या आसपास खूश असतात. उकाडा वाढला की त्यांचे आंबट स्वभावाचे भाऊबंद पुढे सरसावतात आणि पाहता पाहता पातेलं ताब्यात घेतात.

ही विद्या मला माझ्या भाच्याने दिली. तो पुण्यात बीअर गाळणाऱ्या एका ठिकाणी कामाला आहे. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "मामा, बीअर आपण बनवत नाही, यीस्ट बनवतं. आपण फक्त तापमान सांभाळायचं." एल जातीच्या बीअरला साधारण वीस अंश लागतात. त्यापेक्षा फार चढलं की यीस्ट भलतीच अल्कोहोलं तयार करतं आणि दुसऱ्या दिवशी पिणाऱ्याचं डोकं धरतं म्हणे. शिवाय आंबताना ते स्वतःही तापतं. म्हणून परदेशातले हौशी लोक जुन्या फ्रिजला एक कंट्रोलर जोडतात. गरम झालं की कॉम्प्रेसर चालू, गार झालं की आत बल्ब चालू. ऐकून माझे हात शिवशिवले. पण घरी बीअर करायला 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो आणि कायद्याच्याही आधी बायको. उरली इडली.

कंट्रोलर गावातच मिळाला. दुकानदाराने विचारलं, "सर, अंडे उबवाले पाह्यजे का?" इकडे हे यंत्र त्यासाठीच खपतं म्हणे. मी जरा ताठ उभा राहून "संशोधनाला" असं सांगितलं. त्याने किंमत वाढवली.

यंत्रावर चार कलमं होती. एफ-वन म्हणजे हवं ते तापमान, एफ-टू म्हणजे किती फरक चालेल, एफ-थ्री म्हणजे कॉम्प्रेसरला विश्रांती किती मिनिटं, एफ-फोर म्हणजे सेन्सर खोटं बोलत असेल तर दुरुस्ती. माहितीपत्रकात एक आकृतीही होती, पण आकृती बघून वायरी जोडणं मला कमीपणाचं वाटतं.

शुक्रवारी रात्री एफ-वन तीसवर लावला. आत सदतीस होते. तीन मिनिटं यंत्राने विचार केला आणि साठ वॅटचा बल्ब लागला. आकडा चढू लागला. चाळीस. त्रेचाळीस. सेन्सर खराब आहे, असं माझं निदान झालं. तपासायला तो बर्फाच्या पाण्यात बुडवला. तिथे शून्याच्या जवळ दाखवलं, म्हणजे सेन्सर शहाणा होता. त्याच क्षणी बल्ब विझून कॉम्प्रेसर गुरगुरू लागला. थंडी वाजली की फ्रिज आपणहून सुरू होतो, याचं मला कौतुक वाटलं. पण शंका नको म्हणून मी एफ-फोरमध्ये दोन अंशांची दुरुस्ती केली, सेन्सर पुसून परत आत टांगला आणि झोपलो.

सकाळी आकडा एकसष्ट होता. बल्बच्या बाजूला पातेल्याच्या कडेचं पीठ शिजून घट्ट झालं होतं. इडलीपात्र न चढवता इडली झाली होती, एवढंच त्यातलं यश.

फ्रिजवाल्या मेकॅनिकने झाकण उघडलं आणि बराच वेळ हसला. "काका, तुम्ही उलटं जोडलं ना. गरम झालं का बल्ब लागते, अन् आणखी गरम झालं का बल्ब लागूनच राह्यते. हे असं भट्टीत करतेत." दोन वायरींची अदलाबदल झाली. एफ-फोर त्याने शून्यावर आणला आणि मजुरी घेतली नाही. ही गोष्ट चौकात सांगायची त्याला मोकळीक मिळाली, तीच त्याची मजुरी.

शनिवारी नवं पीठ. आता सगळं सुलटं होतं, म्हणून मी खुर्ची टाकून बसलो. कॉम्प्रेसर चालला, हवा गार झाली, तो थांबला. पण आतली बर्फाची पेटी गारच, त्यामुळे हवा आणखी उतरली. बल्ब लागला. हवा तापली. परत कॉम्प्रेसर. टिक, टिक, टिक. फ्रिज आणि बल्ब एकमेकांविरुद्ध वीज जाळत होते, बिल मात्र एकच येणार होतं. पीठ या भांडणापासून अलिप्त, चौतिसावर. मी भाच्याला फोन लावला.

"मामा, सेन्सर कुठे आहे?"

"मधोमध. हवेत."

"मग तुम्ही हवा आंबवताय."

सेन्सर पातेल्याला बाहेरून चिकटवून वर भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा बांधायचा, म्हणजे तो हवेचं न ऐकता पिठाचं ऐकतो. एफ-टू अर्ध्या अंशावरून दोनवर. मी टेप शोधत असताना बायको पाणी प्यायला उठली. आत डोकावून म्हणाली, "अहो, मे महिन्यात पुसदला बल्ब कशाला लावलाय?"

डिसेंबरसाठी, असं मी म्हणालो. तिने बल्ब काढून घेतला आणि देवघरातला उडालेला होता, तिथे लावला.

रविवारी पीठ दीडपट फुगलं होतं. इडल्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, मी नुसता दारात उभा राहून सगळ्यांचे चेहरे पाहत होतो. सासऱ्यांनी चौथी इडली संपवून हात पुसले.

"जावईबापू, मऊ आहे बरं का. पण इडलीला जराशी आंबटाई पाह्यजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुण्याने तर लिंबू मागितलं.

मेकॅनिकने चौकात केलेल्या प्रसारामुळे त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू टोपली घेऊन आल्या. गावरान कोंबडीची अंडी होती. बायकोने मला न विचारता हो म्हटलं आणि देवघरातला बल्ब काढून आणला. एफ-वन आता साडेसदतीसवर आहे, आत पाण्याची वाटी आहे, आणि अंडी दिवसातून तीनदा उलटी करायचं काम माझ्याकडे आहे. पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात. तोवर आमच्याकडे नाश्त्याला पोहे.