सगळीच औषधं पास!

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण नऊ पुढे कुठेतरी आपटतात. मोठमोठ्या कंपन्या त्यापायी अब्जावधी डॉलर घालवून बसतात. आपल्याकडे एम.फार्म.च्या थिसिसमध्ये मात्र औषध आपटल्याचं सहसा ऐकू येत नाही. शेवगा घ्या, अडुळसा घ्या, बांधावरचा टाकळा घ्या. अर्क काढा, उंदराला पाजा. सूज उतरते, साखर उतरते, चिंतासुद्धा उतरते. हे आपल्याला कसं जमतं, ते स्वित्झर्लंडच्या औषध कंपन्यांनी एकदा येऊन बघायला हवं.

कृती ठरलेली आहे. पांढरे विस्टार उंदीर, सहा-सहाचे चार गट. मागच्या पंजाच्या तळव्यात सूज आणणाऱ्या कॅराजिननचं एक टक्का द्रावण ०.१ मिली टोचायचं. घोट्याशी मार्करने रेघ मारायची आणि दर तासाला पंजा त्या रेघेपर्यंत प्लेथिस्मोमीटरच्या नळीत बुडवून आकडा लिहायचा. उंदीर काही आपल्या डिग्रीसाठी शांत बसत नाही. तो हिसडा देतो, हातमोज्यावर घाण करतो, पाणी उडतं, रेघ पुसट होते. पंजा रेघेच्या किंचित वरपर्यंत बुडला की सूज वाढली. किंचित अलीकडे थांबला की औषध लागू पडलं. आणि आकडा वाचणारी मुलगी तीच, जिला कुठल्या पिंजऱ्यात अर्क दिलाय हे तोंडपाठ आहे आणि मे महिन्यात थिसिस बाइंडिंगला टाकायचाय. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, हे तिनेच पहिल्या सेमिस्टरच्या पेपरात लिहून मार्क मिळवलेले असतात.

निकालाचा क्रमही ठरलेला. तुलनेला घेतलेलं डायक्लोफिनॅक पहिलं, अर्क ४०० मिलिग्रॅम दुसरा, २०० मिलिग्रॅम तिसरा. डायक्लोफिनॅकला हरवायचं नाही, एक्स्टर्नल भुवया उंचावतात. फार मागेही राहायचं नाही, गाईड उंचावतात. मग आलेखावर तीन-तीन तारे लावायचे आणि ‘पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार मिळाला’ हे वाक्य शेवटच्या पानावर टाकायचं. हे वाक्य तर सिनॉप्सिसच्या वेळीच टाइप झालेलं असतं.

आता त्या ४०० मिलिग्रॅमचं बघा. हा डोस उंदराच्या दर किलो वजनामागे. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसाला लावायचा तर ६.२ ने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ४ ग्रॅम सुका अर्क. पाल्यातून दहा टक्के अर्क निघाला असं धरलं, तर एका डोसला ४० ग्रॅम वाळलेला पाला. हा उपचार शेळीला परवडेल.

उंदरांची परवानगी मिळाली नाही तर? हल्ली डॉकिंग आहे. प्राणी नीतिमत्ता समितीच्या बैठकीची वाट बघण्यापेक्षा लॅपटॉप बरा. प्रथिनाची रचना फुकट मिळते, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वनस्पतीतले पन्नास रेणू त्या प्रथिनाच्या खाचेत बसवून बघायचे आणि उणे नऊ किलोकॅलरी आले की कर्करोगाला शह. यात क्वेर्सेटिन हमखास वर येतं. लग्नात दोन्हीकडच्या मंडळींशी नातं निघणारे एक मामा असतात ना, तसं ते सगळ्याच प्रथिनांना चिकटतं. प्रयोगशाळेतही असे रेणू भेटतात. जो विचाराल त्याला ‘हो’ म्हणायचं आणि सगळ्यांना फसवायचं, हा त्यांचा धंदा. जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये अशा लबाड रेणूंची रीतसर यादीच छापली. क्वेर्सेटिनमध्ये असतो तो कॅटेकॉल गट त्या यादीत आहे. २०१७ च्या एका गाजलेल्या आढाव्याने हळदीतल्या कर्क्युमिनचीही अशीच झडती घेतली आणि दुहेरी अंध, प्लासिबोशी तुलना केलेली त्याची एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असं सांगितलं. सांगलीकरांनी रागावू नये. भाजीत हळद घालायला कुणाची ना नाही.

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांची रचना संगणकाने ओळखणाऱ्या आणि घडवणाऱ्यांना गेलं, तेव्हापासून सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘एआय’ घुसलंय. आत क्वेर्सेटिनच आहे.

एवढ्यात कुणी म्हणेल, भारतात हे व्हायचंच, आपल्याकडे साधनं कुठली. त्यांनी मुलुंडला जावं. तिथे हेक्स्ट या औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. १९७० च्या दशकात तिथल्या मंडळींनी भारतीय वनस्पती ओळीने तपासल्या आणि कोलियसच्या मुळांतून फोर्स्कोलिन काढलं. रक्तदाब उतरवतं, हृदयाचा ठोका जोरकस करतं, म्हणून आशा होती. रक्तदाबाची गोळी काही झाली नाही. पण १९८१ मध्ये अमेरिकेत केनेथ सीमन आणि जॉन डॅली यांनी दाखवलं की हा रेणू ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला थेट चालू करतो. तेव्हापासून पेशीतला सायक्लिक एएमपी वाढवायचा असला की जगभरच्या प्रयोगशाळा फोर्स्कोलिनची कुपी उघडतात.

त्याच मुलुंडात डिसॉक्सिलम या झाडातल्या रोहितुकिनवरून फ्लॅव्होपिरिडॉल बेतलं गेलं. पेशीचं विभाजन चालवणाऱ्या सीडीके एन्झाइमांना रोखणारं, माणसांच्या चाचण्यांत उतरलेलं हे पहिलं औषध. तेही बाजारात आलं नाही. पण ती वाट चालता येते हे कळलं, आणि २०१५ मध्ये पाल्बोसिक्लिबला स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. थोडक्यात, मुलुंडचे दोन्ही विद्यार्थी नापास झाले आणि दोघेही पुस्तकात गेले. आपली मुलं फोर्स्कोलिन परीक्षेपुरतं पाठ करतात. ते लोकलने जाता येईल अशा ठिकाणी सापडलं, हे त्यांना वर्गात कुणी सांगत नाही.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. जीपॅट पास झालेल्याला महिना १२,४०० रुपये, न झालेल्याला घरचे पैसे. दुसऱ्या सेमिस्टरला ‘औषधशोधाची तत्त्वं’ नावाचा अख्खा विषय, त्यात लक्ष्य-निवडीपासून क्यूएसएआरपर्यंत सगळं. आणि पुढच्या वर्षी हातात पाल्याचा अर्क. ‘काहीही परिणाम आढळला नाही’ असा थिसिस घेऊन व्हायवाला बसायची हिंमत कोणत्या मुलाने करावी? त्याचा पेपर कोण छापणार?

मग डिग्री मिळते आणि नोकरी लागते पुण्या-मुंबईत, फार्माकोव्हिजिलन्समध्ये. न्यू जर्सीतल्या एका आजीबाईंना गोळीने मळमळलं, ओहायोतल्या एका गृहस्थांच्या अंगावर पुरळ उठलं. ते ठरलेल्या संज्ञांत बसवायचं, आणि प्रकरण गंभीर व अनपेक्षित असेल तर १५ दिवसांच्या मुदतीत पाठवायचं. काम महत्त्वाचं आहे, पगारही वेळेवर होतो. फक्त ज्या गोळीचा हा हिशेब, ती शोधली कुणीतरी दुसऱ्यानेच, दहा-दहा वेळा आपटी खाऊन.

तेव्हा यंदाच्या व्हायवाला जाणाऱ्या समस्त एक्स्टर्नल सर-मॅडमना विनंती. चहा-बिस्किटं झाली, ‘सँपल साइज सहाच का?’ हा प्रश्न विचारून झाला, की आणखी एक विचारा: ‘या कामात काय फसलं?’ ज्याच्याकडे उत्तर असेल त्याला दहा मार्क जास्त द्या. आणि गाईडने मध्येच उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यांचे कापा.