खरी नक्कल

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर उमटणारा 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' हा शिक्का म्हणजे मराठीतला फार प्रामाणिक उद्गार. अस्सल कागद दप्तरात निवांत पडलेला असतो, त्याला 'मी खरा' असे सांगावे लागत नाही. शपथ घ्यावी लागते ती नकलेला. तंतोतंत सारखेपणाचे आपले सगळेच शब्द असे नकलेच्या चाकरीत आहेत. 'तंतोतंत' तंतूला तंतू जुळवतो, तर फारसीच्या वाटेने आलेला 'हुबेहूब' सांगतो, 'तो म्हणजे तोच'. पण तो तोच असेल, तर सांगायचे कशाला? खुद्द माणसाला कोणी हुबेहूब म्हणत नाही. म्हणतात ते त्याच्या मेणाच्या पुतळ्याला. पैठणी दाखवताना दुकानदार 'सेम टू सेम' म्हणाला, की ती यंत्रमागाची आहे हे शहाणे गिऱ्हाईक ओळखते आणि घासाघीस सुरू करते.

शास्त्रज्ञांनीही तंतोतंत सारखेपणाचा हट्ट करून पाहिला. पॅरिसजवळच्या सेव्ह्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजेच किलो, असे 1889 मध्ये ठरले. त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या; 57 क्रमांकाची भारताच्या वाट्याला आली. काचेच्या हंड्यांखाली एवढी बडदास्त ठेवूनही शंभरेक वर्षांत मूळ आणि प्रती यांच्यात सुमारे 50 मायक्रोग्रॅमचे अंतर पडले. मूळ घटले की प्रती वाढल्या, हेही विचारायची सोय नव्हती. मूळ म्हणजेच किलो! अखेर 2019 मध्ये व्याख्या प्लांकच्या स्थिरांकाला बांधून दंडगोलाला निवृत्त केले.

व्यवहारी माणूस म्हणेल, भाजीच्या तागडीला मायक्रोग्रॅम कळत नाहीत. कबूल, पण तेवढ्यासाठी 'सारखा' हा साधा, कामसू शब्द आहे की. त्याच्या डोक्यावर 'तंतोतंत' चढवला, की बोलणाऱ्यालाच शंका आहे असे समजावे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: संगणकातल्या फाइलची प्रत खरोखरच बिटाला बिट जुळते. जुळते, आणि नेमका तिथेच हा शब्द कोणी खर्चत नाही. सुप्रभातचा एकच गुलाब पन्नास गटांत उगवला, तरी 'काय हुबेहूब आहे!' म्हणून कोणी माना डोलावत नाही. कौतुक जवळपास जमल्याचे असते, जुळल्याचे नव्हे. नकलेला शपथ लागतेच, हे सरकारने मात्र ओळखले आहे. पूर्वी झेरॉक्सला सत्यप्रत व्हायला राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागे, आता स्वसाक्षांकनाने आपले सत्य आपणच उरकतो. मग खिडकीमागचा कारकून ती सत्यप्रत उलटसुलट पाहून विचारतो, "ओरिजिनल आणलंय का?"